इन्व्हर्टरची बॅटरी बदलताना आणि भरताना

घरगुती इन्व्हर्टरची बॅटरी साधारण चार-पाच वर्षांनी बदलावी लागते. छत्रपती संभाजीनगरातल्या गारखेडा परिसरात, म्हणजे सूतगिरणी चौक, पुंडलिकनगर, उल्कानगरी, जवाहर कॉलनी या पट्ट्यात, ही वेळ बहुधा एप्रिल-मे महिन्यांत येते. त्याला कारण आहे. हिवाळ्यात पंखे बंद असतात, वीजही फारशी जात नाही, त्यामुळे थकलेली बॅटरी कोणाच्या लक्षात येत नाही. मग उन्हाळ्यात चार पंखे एकदम सुरू होतात, ट्रान्सफॉर्मरवर ताण येतो, संध्याकाळी वळवाचा पाऊस आणि वारा सुटतो, फांदी तारेवर पडते, आणि दोन तास चालणारा इन्व्हर्टर पंधरा मिनिटांत कुईकुई करू लागतो.

ज्या काळात महावितरण गळती आणि वसुलीनुसार फीडरचे गट पाडून भारनियमन करत असे, त्या काळात मराठवाड्यातल्या घरांत इन्व्हर्टर शिरला आणि तिथेच राहिला. कोळशाच्या टंचाईमुळे एप्रिल २०२२ मध्ये राज्यात पुन्हा भारनियमन करावे लागले होते. एरवी शहरात आता ठरवून वीज बंद ठेवण्यापेक्षा बिघाड आणि देखभालीचे बंदच जास्त. हा फरक बॅटरीच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. रोज सहा तास उपसली जाणारी बॅटरी आणि आठवड्यातून एकदा तासभर वापरली जाणारी बॅटरी वेगवेगळ्या कारणांनी मरतात.

घरातली बॅटरी बहुतेक ठिकाणी शिसे आणि आम्ल यांचीच असते. फ्रेंच शास्त्रज्ञ गॅस्तों प्लान्ते याने १८५९ मध्ये ती पहिल्यांदा बनवली. मूळ रसायन आजही तेच आहे. डब्यात सहा कप्पे म्हणजे सहा सेल, प्रत्येकाचे सुमारे २.१ व्होल्ट, मिळून १२ व्होल्टच्या थोडे वर. प्रत्येक सेलमध्ये शिशाच्या डायऑक्साइडची धन प्लेट, शुद्ध शिशाची ऋण प्लेट आणि पाणी मिसळलेले सल्फ्युरिक ॲसिड. वीज काढली की दोन्ही प्लेटांवर लेड सल्फेट साचते आणि ॲसिड पातळ होते. वीज भरली की सल्फेट विरघळून ॲसिड पुन्हा घट्ट होते. वापर आणि चार्जिंग यांचा सारा हिशोब या दोन वाक्यांत आहे. सल्फेट प्लेटेवर आठवडेच्या आठवडे पडून राहिले तर त्याचे कठीण स्फटिक बनतात आणि मग ते चार्जिंगने विरघळत नाहीत. बॅटरीवाले ज्याला ‘सल्फेशन झाले’ म्हणतात, ते हेच. अर्धवट भरलेली बॅटरी तशीच ठेवणे हे तिच्या मरणाचे सर्वांत मोठे कारण.

नवी बॅटरी आणण्याआधी जुनी खरोखर संपली आहे का, हे पाहायला हवे. पुष्कळदा दोष टर्मिनलवर साचलेल्या पांढऱ्या-हिरवट बुरशीसारख्या थराचा असतो, सैल झालेल्या नटाचा असतो, किंवा पाणी कमी होऊन प्लेटा उघड्या पडल्याचा असतो. टर्मिनल गरम पाण्यात खाण्याचा सोडा घालून धुवावीत, घट्ट करावीत, वर पेट्रोलियम जेली लावावी. सेलमध्ये प्लेटा बुडण्यापुरते डिस्टिल्ड वॉटर घालून बॅटरी पूर्ण एक दिवस चार्जिंगला ठेवावी, नंतर इन्व्हर्टर बंद करून आठ-दहा तास तिला हात लावू नये. इतक्या विश्रांतीनंतर मल्टिमीटरवर १२.६ ते १२.८ व्होल्ट दिसले तर बॅटरी भरलेली आहे, १२.२ च्या आसपास म्हणजे निम्मी, ११.८-११.९ म्हणजे रिकामी. चार्जिंग सुरू असताना किंवा लगेच थांबल्यावर घेतलेला व्होल्टेजचा आकडा मात्र फसवा असतो. त्यावर विसंबून बॅटरी चांगली ठरवणारे दुकानदार काही कमी नाहीत.

त्याहून खरा आकडा हायड्रोमीटर देतो. काचेच्या नळीत ॲसिड ओढून घेतले की आतला तरंगता काटा ॲसिडचे विशिष्ट गुरुत्व दाखवतो. पूर्ण भरलेल्या ट्यूब्युलर (नळीदार प्लेटांच्या) बॅटरीत ते १.२४० च्या आसपास असते. मेकॅनिक ते ‘बाराशे चाळीस’ असे वाचतो. रिकाम्या बॅटरीत हाच आकडा अकराशे वीस-तीसपर्यंत उतरतो. हे आकडे २७ अंश सेल्सिअससाठी आहेत. ॲसिड ४० अंशांवर असेल तर काटा सुमारे नऊ अंकांनी कमी दाखवतो, म्हणून मे महिन्यात दुपारी मोजलेल्या ‘बाराशे तीस’वरून घाबरायचे कारण नाही. पाहायचे ते सहा सेलमधले अंतर. पाच सेल बाराशे तीस-पस्तीस आणि एक अकराशे साठ असेल, तर तो एक सेल गेला आहे, आणि एक सेल गेला की बॅटरी गेली. चार्जिंगच्या वेळी तोच कप्पा जास्त उकळतो, डब्याची तेवढीच बाजू गरम लागते, त्याच्याच झाकणातला तरंगता दांडा पाणी संपल्याची खूण करत राहतो. डबा फुगला असेल किंवा धन टर्मिनल वर उचलले गेले असेल, तर मोजण्याचीही गरज नाही. आतल्या प्लेटा गंजून वाढल्या आहेत.

नवी बॅटरी निवडताना पहिला प्रश्न कंपनीचा नसतो, लोडचा असतो. जुन्या पद्धतीचा छताचा पंखा सुमारे ७५ वॅट घेतो, बीएलडीसी पंखा तीसच्या आत. एलईडी ट्यूब २०, एलईडी बल्ब ९, मध्यम आकाराचा टीव्ही साधारण ७०, वायफायचा राउटर १०. दोन जुने पंखे, एक ट्यूब, चार बल्ब, टीव्ही आणि राउटर मिळून २८६ वॅट होतात. १२ व्होल्ट आणि १५० ॲम्पिअर-तासांच्या बॅटरीत कागदावर १,८०० वॅट-तास असतात. २८६ ने भागले की सहा तास येतात, आणि विक्रेता हाच भागाकार करून दाखवतो. प्रत्यक्षात तसे होत नाही.

पहिली गळती इन्व्हर्टरमध्येच. बॅटरीच्या एकदिश विजेची घरात वापरायची प्रत्यावर्ती वीज करताना जवळपास पाचवा हिस्सा उष्णतेत जातो. दुसरी गोष्ट अधिक बारीक आहे. डब्यावरच्या १५० या आकड्याशेजारी बारीक अक्षरांत ‘सी२०’ छापलेले असते. त्याचा अर्थ, बॅटरी वीस तासांत, म्हणजे ७.५ ॲम्पिअरने सावकाश उपसली तर १५० मिळतील. वरच्या लोडला मात्र बॅटरीतून ३० ॲम्पिअर ओढावे लागतात, आणि शिसे-आम्ल बॅटरी जितकी जोरात उपसावी तितकी एकूण कमी देते. जर्मन संशोधक पॉयकर्ट याने १८९७ मध्ये या घटीचे सूत्र मांडले. ३० ॲम्पिअरला दीडशेची बॅटरी एकशे पाच-दहाच्या आसपास येते. हे सगळे धरले तर ती पूर्ण निपटेपर्यंत साडेतीन तास चालते. आणि निम्मीच वापरायची म्हटले तर पावणेदोन-दोन तास. निम्मीच वापरावी हेच बरे, कारण रोज तळाशी नेलेली बॅटरी निम्म्यावर थांबवलेल्या बॅटरीच्या तुलनेत फार लवकर संपते. सौर पॅनेलसोबत विकल्या जाणाऱ्या बॅटऱ्यांवर ‘सी१०’ हा मापदंड असतो. दोन डब्यांवर १५० च लिहिले असले, तरी सी१०चे १५० हे सी२०च्या १५० पेक्षा मोठे असतात. किमतीची तुलना करताना हे अक्षर पाहिले नाही तर तुलनेला अर्थ नाही.

म्हणून दोन जुने पंखे बदलून बीएलडीसी पंखे बसवणे हा मोठ्या बॅटरीला उत्तम पर्याय ठरतो. वरच्या उदाहरणात लोड दोनशेच्या खाली येतो आणि तीच बॅटरी दीडपट वेळ चालते. एक गोष्ट मात्र कोणत्याही घरगुती १२ व्होल्टच्या संचावर जमत नाही: पाण्याची मोटर. गारखेड्यात नळाला पाणी काही दिवसांच्या अंतराने येते आणि नेमकी त्याच वेळी वीज गेली की टाकी कशी भरायची हा प्रश्न उभा राहतो. एक अश्वशक्तीची मोटर ७४६ वॅटची. सुरू होताना ती त्याच्या कित्येक पट प्रवाह ओढते. इन्व्हर्टर ओव्हरलोड दाखवून बंद होतो, आणि वारंवार प्रयत्न केला तर जळतो.

प्रकारांपैकी कार-जीपची बॅटरी घरासाठी कधीच घेऊ नये, स्वस्त मिळाली तरी. तिच्या प्लेटा पातळ आणि पुष्कळ असतात. इंजिन सुरू करताना काही सेकंद शेकडो ॲम्पिअर द्यायचे, एवढेच तिचे काम. तासन्‌तास उपसली की प्लेटेवरचा लेप सुटून तळाशी गाळ साचतो. इन्व्हर्टरसाठी सपाट प्लेटेची बॅटरी मिळते ती यापेक्षा जाड असते, पण गारखेड्याच्या उन्हाळ्यात ट्यूब्युलरच खरी. तिच्या धन प्लेटेत शिशाच्या काड्या असतात आणि प्रत्येक काडीभोवती सक्रिय पदार्थ भरून वर विणलेल्या पॉलिएस्टरची नळी चढवलेली असते. नळीमुळे लेप सुटत नाही, म्हणून खोल वापर ती अधिक सोसते. ट्यूब्युलरमध्येही बुटकी आणि उंच असे दोन बांधे. उंच बॅटरीत प्लेटांवर ॲसिडचा साठा जास्त असल्याने पाणी टाकण्याची वेळ लांबते. कपाटाखाली बसत नसेल तरच बुटकी घ्यावी. सीलबंद बॅटरीला पाणी लागत नाही हे खरे, पण उष्णतेने आतले पाणी एकदा गेले की परत भरायची सोय नसते. चाळीस अंशांच्या गावात ती अडचणीची.

दुकानात उभे राहून तीन गोष्टी पाहता येतात. पहिली वजन: शिसे कमी घालूनच बॅटरी स्वस्त होते, आणि दीडशेची उंच ट्यूब्युलर ॲसिडसह साधारण पन्नास-साठ किलोंची असते, त्यापेक्षा बरीच हलकी असेल तर आकड्यावर विश्वास ठेवू नये. दुसरी उत्पादनाची तारीख, जी डब्यावर किंवा झाकणावर सांकेतिक अंकांत ठोकलेली असते. ॲसिड भरलेली बॅटरी नुसती ठेवली तरी हळूहळू उतरते. सहा महिने गोदामात राहिलेल्या बॅटरीत सल्फेशन सुरू झालेले असते. तारखेचा उलगडा दुकानदाराकडूनच करून घ्यावा. तिसरी गोष्ट वॉरंटीची. ‘३६ अधिक २४’ म्हणजे साठ महिने मोफत बदलून मिळेल असा अर्थ नाही. पहिले ३६ महिने बदलून मिळते. पुढच्या २४ मध्ये नव्या बॅटरीच्या किमतीवर काही सूट मिळते, एवढेच. बदलून मिळालेल्या बॅटरीची मुदतही पहिल्या खरेदीच्या तारखेपासूनच मोजतात. जास्त महिन्यांचा आकडा पाहून जास्त पैसे देण्यापेक्षा तोच पैसा सी१०च्या किंवा वरच्या क्षमतेच्या बॅटरीत घालणे शहाणपणाचे. स्थिर वापराच्या ट्यूब्युलर बॅटऱ्यांसाठी आयएस १३३६९ हे भारतीय मानक आहे. त्याचा उल्लेख डब्यावर असेल तर बरे.

मोठ्या घरांत २४ व्होल्टचा इन्व्हर्टर आणि एकसर जोडलेल्या दोन बॅटऱ्या असतात. एक गेली म्हणून एकच बदलण्याचा मोह होतो, आणि तो महागात पडतो. जुनी लवकर भरते, तिचे व्होल्टेज चढते, चार्जर दोन्हींची बेरीज पाहून काम झाले असे समजतो. नवी अर्धवटच राहते. उपसताना उलट, जुनी आधी तळ गाठते आणि नवीला घेऊन बसते. दोन्ही एकाच कंपनीच्या, एकाच क्षमतेच्या, शक्यतो एकाच महिन्यातल्या घ्याव्यात.

आता चार्जिंग. शिसे-आम्ल बॅटरी भरणे तीन टप्प्यांत होते. पहिल्यात चार्जर ठराविक प्रवाह देतो. ट्यूब्युलरसाठी तो क्षमतेच्या दहाव्या हिश्शाएवढा असावा, म्हणजे दीडशेला १५ ॲम्पिअर. व्होल्टेज चढत जाऊन १४.४ च्या आसपास पोहोचले की दुसरा टप्पा: व्होल्टेज तिथेच धरून प्रवाह आपोआप कमी होऊ दिला जातो. प्रवाह अगदी थोडा उरला की तिसरा टप्पा, १३.६ ते १३.८ व्होल्टचा ‘फ्लोट’, ज्यात बॅटरी नुसती भरलेली राखली जाते. पहिल्या टप्प्यात बॅटरी ऐंशी टक्क्यांपर्यंत भरभर भरते, उरलेल्या वीस टक्क्यांना मात्र तितकाच वेळ लागतो. निम्मी उतरलेली दीडशेची बॅटरी १५ ॲम्पिअरने पूर्ण भरायला आठ ते दहा तास हवेत. रोज दोनदा तीन-तीन तास वीज जाणाऱ्या गावात ती कधीच शंभर टक्के होत नाही, आणि तिथे बॅटऱ्या दोन वर्षांत का बसतात याचे उत्तर यात आहे. उन्हाळ्यात संध्याकाळी घरातला दाब १८० व्होल्टच्या खाली गेला तर पुष्कळ इन्व्हर्टरांचे चार्जर पुरा प्रवाह देत नाहीत. अशा घरात रात्री उशिराचे तास, जेव्हा दाब सुधारतो, तेव्हाच खरे चार्जिंग होते. त्या वेळी मुख्य स्विच बंद करू नये.

इन्व्हर्टरच्या पाठीमागे एक छोटा सरकता स्विच असतो, ‘फ्लॅट’, ‘ट्यूब्युलर’, ‘एसएमएफ’ (म्हणजे सीलबंद) किंवा ‘जेल’ अशी अक्षरे असलेला. बॅटरी बदलणारा माणूस वायरी जोडतो, पैसे घेतो आणि निघून जातो. हा स्विच बहुधा आहे तिथेच राहतो. ट्यूब्युलर बॅटरी सीलबंदच्या खुणेवर राहिली तर जन्मभर अर्धपोटी भरते, उलट झाले तर सीलबंद बॅटरी तापून फुगते. जुना इन्व्हर्टर शंभरच्या बॅटरीसाठी घेतलेला असेल आणि त्याचा चार्जर दहाच ॲम्पिअर देत असेल, तर त्याला दोनशेची बॅटरी जोडून उपयोग नाही. ती भरणारच नाही.

ज्या घरात वीज क्वचितच जाते तिथे दुखणे वेगळे. बॅटरी महिनोन्‌महिने फ्लोटवर राहते, घट्ट ॲसिड तळाशी आणि पातळ वर असे थर बनतात. महिन्यातून एकदा मेन बंद करून ती निम्म्यापर्यंत वापरावी आणि मग अखंड भरू द्यावी. शेवटच्या टप्प्यात उठणारे बुडबुडे ॲसिड ढवळतात. विजेच्या बिलाचा हिशोबही माहीत असावा: निम्मी बॅटरी भरायला सव्वा-दीड युनिट लागते आणि त्यातून पंखे-दिव्यांना पाऊण युनिटही जेमतेम मिळते.

चार्जिंगच्या शेवटी उठणाऱ्या बुडबुड्यांत हायड्रोजन असतो. हवेत त्याचे प्रमाण ४ टक्क्यांवर गेले की ठिणगीने स्फोट होऊ शकतो. म्हणून बॅटरी बंद कपाटात किंवा देवघरातल्या समईशेजारी नको. जिन्याखालची हवा खेळती असेल तर चालते. पश्चिमेची बाल्कनी आणि पत्र्याखालची गच्चीवरची खोली या दोन जागा गारखेड्यात सर्रास दिसतात, आणि दोन्ही वाईट. साधारण नियम असा, की २५-२७ अंशांच्या वर दर दहा अंशांना आयुष्य निम्मे होते. उष्ण बॅटरीला चार्जिंगचे व्होल्टेजही थोडे कमी हवे असते, दर अंशाला १२ व्होल्टच्या बॅटरीमागे २० ते ३० मिलिव्होल्ट. बहुतेक घरगुती इन्व्हर्टर बॅटरीचे तापमान मोजतच नाहीत, त्यामुळे तापलेली बॅटरी आणखी उकळते. फरशीवर ठेवली की बॅटरी उतरते, हा समज मात्र जुन्या सच्छिद्र डब्यांच्या काळचा. आजचे डबे पॉलिप्रोपिलीनचे आहेत; ट्रॉली हवी ती झाडण्या-पुसण्यासाठी.

पाण्याच्या बाबतीत हयगय सर्वांत जास्त होते. नळाला येणारे जायकवाडीचे पाणी क्लोरीन मिसळलेले असते आणि क्लोराइड धन प्लेटेतल्या शिशाला खाते. बेसाल्टात खोदलेल्या बोअरचे आणि टँकरचे पाणी क्षारयुक्त. ‘आरओ’चे पाणी पिण्याला शुद्ध असले तरी त्यातही क्षार उरलेले असतात. एसीच्या नळीतून ठिबकणारे पाणी डिस्टिल्ड समजून साठवणारी घरे आहेत. त्यात धूळ आणि तांब्याच्या नळ्यांचे कण येतात. बॅटरीच्या पाण्यासाठी आयएस १०६९ हे मानक आहे आणि सीलबंद डिस्टिल्ड वॉटरचा कॅन बॅटरीच्या किमतीपुढे नगण्य. टीडीएस मीटर असेल तर त्यात आकडा शून्याच्या आसपास दिसला पाहिजे. पाणी चार्जिंग पूर्ण झाल्यावर टाकावे, कारण चार्ज होताना पातळी वाढते आणि आधी काठोकाठ भरलेले ॲसिड बाहेर सांडते. प्लेटा उघड्या असतील तर तेवढ्या बुडण्यापुरते आधी घालावे. ॲसिड कधीच घालू नये. मेकॅनिकने ‘पाणी बदलून ॲसिड भरून देतो’ म्हटले तर नको म्हणावे; काटा वर जातो, बॅटरी सुधारत नाही.

लिथियम बॅटरीचा पर्याय आता शहरात मिळतो. घरासाठी लिथियम आयर्न फॉस्फेट हाच प्रकार घ्यावा; तो इतर लिथियम प्रकारांपेक्षा उष्णतेत स्थिर आहे. चार सेलचा १२.८ व्होल्टचा १०० ॲम्पिअर-तासांचा संच १,२८० वॅट-तास देतो, त्यातले बहुतेक सगळे वापरता येतात, जोरात उपसले तरी घट फार होत नाही आणि तो अर्धवट राहिला तरी बिघडत नाही. अडीअडचणीच्या भारनियमनाला हा शेवटचा गुण फार मोलाचा. पण जुन्या इन्व्हर्टरला तो नुसता जोडू नये. ट्यूब्युलरसाठीचा चार्जर मधूनच १५ व्होल्टच्या वर जातो आणि लिथियम संचातले संरक्षक सर्किट वीज तोडते. लिथियमची खूण असलेला चार्जर हवाच. पर्यटनाच्या कॅरॅव्हॅनमध्ये वजन वाचते म्हणून लिथियम परवडते. घरात बॅटरी कोपऱ्यातून हलत नाही. रोज वीज जात नसेल तर उंच ट्यूब्युलर अजूनही स्वस्त पडते.

बॅटरी बदलताना इन्व्हर्टर बंद करून त्याचा प्लग काढावा, हातातले घड्याळ-अंगठी उतरवावी, पान्याच्या दांड्याला टेप गुंडाळावी. आधी ऋण वायर सोडावी, जोडताना ती शेवटी. जुन्या बॅटरीच्या वजनातला निम्म्याहून जास्त भाग शिसे असते, म्हणून तिला भाव मिळतो. फिरता भंगारवाला थोडे जास्त देईल, पण तो ॲसिड गटारात ओततो आणि शिसे उघड्या भट्टीत वितळवले जाते. त्याचा धूर आसपासच्या मुलांच्या रक्तात उतरतो. ऑगस्ट २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या परत गोळा करून पुनर्वापराला लावण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे. जुनी बॅटरी नव्या बॅटरीच्या दुकानातच, ॲसिडसह, न उघडता द्यावी आणि तिची वजा केलेली किंमत बिलावर वेगळी लिहून घ्यावी.